आत कोण बसलंय, ते मीच सांगणार

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, बंद पडलेलं घड्याळ अशा मंडळींनी आपली कहाणी सांगता सांगता शेवटी डोळ्यांतून पाणी काढलेलं तुम्ही वाचलं असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला डोळे नाहीत. असते तरी मी ते रडायला वापरले नसते, वटारायला वापरले असते.

माझं नाव 'कोण'. मी मीरा रोडला, हाटकेशच्या एका औद्योगिक गाळ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांवर नावं घालतात. तुमच्या घरी एखाद्या ताटाच्या काठावर 'मामाकडून सप्रेम भेट' असं बारीक अक्षरांत कोरलेलं असतं ना? त्या मामाशी आता बोलणं नसतं, पण ताट रोज वापरात असतं. ते कोरण्याचं काम इथे चालतं.

गाळ्यात एक मुख्य कॉम्प्युटर आहे आणि त्याला चार स्क्रीन जोडलेले आहेत. ज्याला काम करायचं असेल त्याने आपलं नाव आणि पासवर्ड टाईप करून आत शिरायचं. त्याला लॉगिन म्हणतात. काम संपलं की रीतसर बाहेर पडायचं. माझं काम एकच. कोणी 'कोण' असं टाईप केलं, की त्या क्षणी आत कोण कोण बसलंय ते मी छापून दाखवतो. नाव, स्क्रीन आणि केव्हापासून. एवढंच. त्यातलं कोण काम करतंय आणि कोण मोबाईलवर नणंदेशी भांडतंय, ते मी सांगत नाही. तो माझा प्रांत नव्हे.

मला मिनलने लिहिलं. ती भाईंदर पश्चिमेला मोरव्यात राहते आणि गाळ्यातले कॉम्प्युटर सांभाळायला अधूनमधून येते. आत कोण बसलंय हे सांगणारा एक प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये मुळातच असतो, हे तिला ठाऊक होतं. तरीही तिने मला घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने लिहायला घेतलं. तिची आई सुगंधा शेजारी लसूण सोलत होती.

"आयतं मिळतंय ना गं ते?" आईने विचारलं. "मग कशाला डोळे फोडतेस?"

"आई, तू मसाला डंकावर कुटून का आणतेस? दुकानात पाकीट मिळतं की."

"विकतच्यात काय घातलंय ते कळत नाही म्हणून."

"तेच," मिनल म्हणाली आणि पुढची ओळ लिहू लागली.

माझं कूळ हे असं आहे. मी पाकिटातला नाही, कुटलेला आहे.

लहानपणी मी फार चुका केल्या, असं लोक म्हणतात. मी तसं मानत नाही. मला सांगितलं तेवढं मी केलं. कॉम्प्युटर एक हजेरीची फाईल ठेवतो. कोणी आत आलं की त्यात त्याची नोंद होते. तो उठून गेला की नोंद पुसली जात नाही, तिच्यावर फक्त 'गेला' अशी बारीकशी खूण होते. ती खूण बघायची असते, हे मिनल मला सांगायला विसरली. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी आत असलेले आणि उठून गेलेले, सगळेच्या सगळे छापले. मिनल घरात एकटी टाईप करत होती आणि पडद्यावर पंगत बसली होती.

वेळेचंही तसंच झालं. कॉम्प्युटर वेळ मोजतो ती सेकंदांत, आणि एक जानेवारी एकोणीसशे सत्तरपासून. साहेबाच्या देशात तेव्हा मध्यरात्र होती म्हणे. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. तिथे शून्य, आणि तिथून पुढे एकेक सेकंद. आपण कधी आत आलो, असं मिनलने विचारल्यावर मी एक लांबलचक आकडा फेकला. तो पाहून आई म्हणाली, "हा कोणाचा मोबाईल नंबर?" मग मिनलने मला सेकंदांची तारीख कशी करायची ते शिकवलं. तेव्हापासून कुठलाही आकडा द्या, मी त्याची तारीख आणि वेळ करून देतो. शून्य दिलंत तरी देतो.

असा मी तयार झालो आणि गाळ्यात आलो.

गाळा बाबाजींचा. बाबाजी मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी ते भांड्यांच्या दुकानाबाहेर गोणपाटावर बसून छिन्नी-हातोडीने नावं कोरायचे. पुढे विजेचं पेन आलं, मग मशीन आलं आणि त्यामागोमाग कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर येताच बाबाजींनी त्याला नमस्कार केला, गाळ्याबाहेर खुर्ची टाकली आणि पेपर वाचायला घेतला. आतलं सगळं मुलगा जितेश बघू लागला.

मिनलने मला गाळ्यात पहिल्यांदा चालवलं तेव्हा आत तीन माणसं काम करत होती. पहिल्या स्क्रीनवर गर्ट्रूड. ती उत्तनची, वयाने पन्नाशीपुढची, नावं जुळवण्यात, म्हणजे कोरायची अक्षरं पडद्यावर मांडून देण्यात, सगळ्यांत जुनी. दुसऱ्यावर नीलेश. तो वयाने तिशीचा, पण मनात येईल ते तोंडावाटे बाहेर पडणं अजून थांबलेलं नव्हतं. तिसऱ्यावर जितेश. चौथा स्क्रीन बिघडलेला होता, त्याच्या टेबलावर चहाचा ट्रे असायचा. मिनलने विचारलं, 'कोण?' मी छापलं:

बाबाजी, पहिला स्क्रीन.
बाबाजी, दुसरा स्क्रीन.
बाबाजी, तिसरा स्क्रीन.

मिनलने कपाळाला हात लावला. तिला वाटलं, मी एकच नाव तीनदा वाचतोय. तिने मला ओळीओळीने तपासलं. माझ्यात खोट नव्हती. शेवटी तिने तोंड वर करून विचारलं, "नीलेश, तू कोणत्या नावाने बसलायस?"

"बाबाजी."

"आणि आंटी, तुम्ही?"

"बाबाजी," गर्ट्रूड म्हणाली. "इथे सगळेच बाबाजी. पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय बघ, कॅलेंडरच्या खाली."

त्याचं असं झालं होतं. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची पूजा झाली, नारळ फुटला आणि आत पहिलं नाव घातलं ते बाबाजींचं. हे योग्यच होतं, पहिला मान वडीलधाऱ्यांचा. पण मग दुसरं नाव घालायला कोणी धजेना. मिनलने सुचवून पाहिलं. जितेश म्हणाला, "वेगळं नाव म्हणजे वेगळी चूल झाली. बाबांना काय वाटेल?" बाबांना काय वाटेल, हे बाबांना कोणी विचारलं नाही. ते दारातच बसले होते, हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

यातून काय व्हायचं ते ऐका. मशीन अडकलं की मिनलला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. त्याआधी आत बसलेल्या सगळ्यांनी बाहेर पडायला हवं, नाहीतर अर्धवट जुळवलेली नावं पुसली जातात. मला विचारून तिने एकदा आरोळी ठोकली, "बाबाजी, बाहेर पडा! तिन्ही बाबाजी, लवकर बाहेर!"

दारातून आवाज आला, "अगं, मी बाहेरच आहे की. आणखी किती बाहेर जाऊ? पुढे गटार आहे."

गाळा हसला. मी हसलो नाही. मला जे दिसलं ते मी छापलं होतं, त्यात हसण्यासारखं काय आहे ते हसणाऱ्यांनी बघावं.

बरीच वर्षं अशीच गेली. माझं कौतुक एकदाच झालं. मिनल म्हणाली, "लहान आहे, पण खोटं बोलत नाही." नंतर मला सगळे विसरले. मशीन अडकलं की आठवण, सुटलं की नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही आणि दिवाळीला झटकावंही लागत नाही. पण एक गोष्ट मला दिसत होती. गर्ट्रूडला गाळ्यात सगळे आंटी म्हणत. कॉम्प्युटर तिला बाबाजी म्हणे. दिवसभर ती लोकांची नावं घाली, कोणाच्या मावशीचं, कोणाच्या आत्याचं, कोणाच्या बारशाचं. तिचं नाव मात्र अख्ख्या गाळ्यात कुठेच नव्हतं. दारावर सोडाच, माझ्या पडद्यावरही नाही.

मग क्षितिजाताईंचा फोन आला.

क्षितिजाताई ठाण्याच्या. लग्नात रुखवतात मांडायची भांडी त्या मोठ्या प्रमाणावर पुरवतात. त्यांना वर्षभराचं काम एकाच गाळ्याला द्यायचं होतं. अट एकच. "आधीच्या माणसाने नवरीच्या जागी सासऱ्याचं नाव घातलं हो," त्या जितेशला म्हणाल्या. "भर मांडवात. आणि चूक कोणाची विचारलं तर सगळे एकमेकांकडे बोट. मला प्रत्येक कामामागे माणसाचं नाव पाहिजे. कोण बसतं, कोण जुळवतं, ते मी येऊन बघणार."

ही अट ऐकून मिनल खूश झाली. ती म्हणाली, "आता तरी प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन देऊ या. 'कोण' विचारलं की खरी नावं दिसतील. गर्ट्रूड, नीलेश, जितेश."

मित्रांनो, जितेश वाईट माणूस नाही. तो घाबरट आहे. वाईट माणसाला निदान आपण काय करतोय ते कळतं. घाबरट माणसाला वाटतं, आपण शहाणपण करतोय.

"नीलेश ठीक आहे," तो म्हणाला. "मी ठीक आहे. पण रुखवताचं काम आहे, मिनल. हळद, कुंकू, सप्तपदी. पहिल्याच ओळीत गर्ट्रूड दिसलं तर बाई काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"आपलं मराठी कोण जुळवतंय, म्हणतील."

"त्या असं म्हणाल्या?"

"म्हणाल्या नाहीत. पण म्हणू शकतात ना!"

क्षितिजाताईंनी न काढलेला आक्षेप जितेशने त्यांच्या वतीने काढून, पटवून घेऊन, मंजूरही करून टाकला होता. काही माणसं अशी परोपकारी असतात.

त्याने तोडगाही काढला. आत सगळे बाबाजीच राहू देत, फक्त मला शिकवायचं की पहिल्या स्क्रीनवर बसेल त्याचं नाव साहिल छाप. साहिल म्हणजे जितेशचा मेव्हणा. तो विरारला राहतो आणि गाळ्यात एकदाच आला होता, वास्तुशांतीला, जेवायला. आणि चौथ्या स्क्रीनवरही एक नाव दाखव, म्हणजे गाळा मोठा वाटेल. तिथे सान्वीचं. सान्वी म्हणजे जितेशची मुलगी.

"फक्त दाखवायला," जितेश म्हणाला. "टेन्शन नका घेऊ."

"मी हे लिहिणार नाही," मिनल म्हणाली.

"मग कशाला येता?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. पिशवी उचलून ती मोरव्याला निघून गेली. जितेश मागून म्हणाला, "नका येऊ परत." हे तो जरा हळू म्हणाला, पण म्हणाला.

गर्ट्रूडने सगळं ऐकलं होतं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जितेश, मी इथे आले तेव्हा तू शाळेत होतास. तुझ्या मुंजीची भांडी मी केलीयत. अक्षर चुकलं का कधी?"

"नाही आंटी. कामाचं काही नाहीच. नुसतं नाव..."

"नुसतं नाव!" गर्ट्रूड म्हणाली. "आपण इथे दुसरं काय विकतो रे? ऐक. त्या बाई येतील त्या दिवशी मी येणार. पडद्यावर माझं नाव दिसलं, तर मी त्या खुर्चीवर राहणार. न्हाय दिसलं, तर माझा डबा उचलणार आणि उत्तनला मासळी वाळवायला जाणार. तिथे बोंबलांना कोणी विचारत न्हाय, कोणाच्या हाताने वाळलात."

माझ्यासारख्या छोट्या प्रोग्रामवर एवढा भार कधी पडला नव्हता. एका बाईची खुर्ची आता मी काय छापतो त्यावर ठरणार होती.

आणि नेमकं तेव्हाच जितेशने मला उघडलं. त्याने कधीकाळी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट गणपतीच्या फोटोशेजारी लावलेलं आहे, आणि आशीर्वाद दोघांचाही सारखाच मिळतो. त्याने माझ्या पोटात आपल्या ओळी घुसवल्या. पहिला स्क्रीन म्हणजे साहिल, दुसरा नीलेश, तिसरा जितेश. आणि शेवटी, कोणी असो वा नसो, चौथ्या स्क्रीनवर सान्वी. सान्वीच्या वेळेच्या जागी काय घालायचं ते त्याला सुचेना. म्हणून त्याने शून्य घातलं. शून्याचा कोणाला काय त्रास, असा त्याचा हिशेब.

मग त्याने मला चालवून बघितलं. नावं बघितली, मान डोलावली आणि हात झटकले. खोटं लिहिणारा माणूस नावं तपासतो, वेळ तपासत नाही.

तुम्ही म्हणाल, 'कोण', तू विरोध का नाही केलास? मित्रांनो, प्रोग्राम संपावर जात नाही, घोषणाही देत नाही. पण त्याच्याजवळ एक हत्यार असतं. त्याला जे दिलंय ते तो अगदी तस्संच करतो. शून्य दिलंत तर शून्याची तारीख करतो. ते हत्यार मी परजून ठेवलं.

क्षितिजाताई आल्या. सुती साडी, पायांत सपाता, हातात पाण्याची बाटली. दारात बाबाजींना नमस्कार करून त्या आत आल्या. मशीन पाहिलं, ताटं उलटसुलट करून पाहिली, अक्षरावरून बोट फिरवलं. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "हे कोणी जुळवलं?"

"आमची टीम आहे," जितेश म्हणाला. "सगळं सिस्टीमवर. बघा." त्याने तिसऱ्या स्क्रीनवर बसून ऐटीत टाईप केलं, 'कोण'.

मी छापलं. अगदी सांगितलं तसंच.

साहिल, पहिला स्क्रीन, आज सकाळी नऊ.
नीलेश, दुसरा स्क्रीन, आज सकाळी नऊ.
जितेश, तिसरा स्क्रीन, आज सकाळी अकरा.
सान्वी, चौथा स्क्रीन, १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच.

क्षितिजाताई वाकून वाचू लागल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"या सान्वी एकोणीसशे सत्तरपासून बसल्यात?"

जितेशने पडद्याकडे पाहिलं. "मेहनती आहे," तो म्हणाला.

"पहाटे साडेपाचपासून?"

"लवकर उठायची सवय आहे."

"मग बोलवा त्यांना. भेटू दे मला." त्यांनी चौथ्या स्क्रीनकडे पाहिलं. तिथे चहाचा ट्रे आणि बशीत दोन खारी.

"ती शाळेत गेलीय," नीलेश म्हणाला. मनात आलं आणि बाहेर पडलं.

"शाळेत? शिकवतात?"

"शिकते. तिसरीत आहे."

क्षितिजाताईंनी पाण्याचा घोट घेतला. "आणि हे साहिल? पहिला स्क्रीन?"

जितेश म्हणाला, "साहिल जरा बाहेर..."

"मीच साहिल," गर्ट्रूड खुर्चीतून उठली.

"तुम्ही?"

"हां बाई. जितेशचा मेव्हणा."

क्षितिजाताईंनी तिच्याकडे आपादमस्तक पाहिलं. फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात क्रूस, नाकावर चष्मा. मेव्हण्याचं कुठलंच लक्षण दिसेना.

"तुमचं खरं नाव काय?"

"गर्ट्रूड."

"मग तेच का नाही लिहिलं इथे?"

प्रश्न गर्ट्रूडला होता. ती जितेशकडे बघत राहिली. नीलेशही बघू लागला. जितेश म्हणाला, "मावत नव्हतं. नावाचा खण लहान आहे."

मित्रांनो, माझ्या तोंडावर माझी बदनामी! नावाच्या खणात मिनलने आठ इंग्रजी अक्षरांची जागा ठेवलीय. गर्ट्रूडने शांतपणे बोटं मोजली. "जी, ई, आर, टी, आर, यू, डी, ई. आठ झाली. अंगठे दोन्ही उरले, जितेश. ते तुला दाखवू का?"

क्षितिजाताई हसल्या नाहीत. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "जितेशभाऊ, मी नावं बरोबर पडावीत म्हणून एवढ्या लांब आले. तुमच्याकडे ताटावरची नावं बरोबर आहेत, खुर्चीवरची चुकीची. मला उलटं चाललं असतं एक वेळ. ताट बदलून मिळतं." त्या गर्ट्रूडकडे वळून म्हणाल्या, "अक्षर तुमचं आहे ना? फार छान आहे." आणि त्या गेल्या. बाहेर रिक्षा वळल्याचा आवाज आला.

जितेशचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो गर्ट्रूडवर उखडला. "झालं समाधान? वर्षाचं काम गेलं तुमच्यामुळे!"

"माझ्यामुळे न्हाय," गर्ट्रूड म्हणाली. "तुझ्या मेव्हण्यामुळे." आणि तिने डबा उचलला.

तेवढ्यात बाबाजी दारातून आत आले. आत यायची त्यांची सवय मोडलेली होती, त्यामुळे ते जरा पाहुण्यासारखे उभे राहिले.

"नीलेश, मघापासून ऐकतोय. या यंत्रात तू कोण आहेस?"

"बाबाजी."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही. आम्ही सगळे आत तुम्हीच आहोत. पहिल्यापासून."

बाबाजींनी भिंतीवरची पासवर्डची चिठ्ठी पाहिली आणि बराच वेळ वाचली. "मी बाहेर बसून पेपर वाचतो आणि आत तीन ठिकाणी कामही करतो? आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"बाबा, तुमचा मान म्हणून..."

"मान कसला रे! चूक झाली की बाबाजी, बरोबर झालं की बाबाजी. माझ्या नावाच्या आडोशाला उभे राहिलात सगळे. आणि या बाई एवढी वर्षं माझ्या नावाने राबतायत, त्यांना एक नाव देताना तुझ्या हाताला कंप सुटतो?" त्यांनी चिठ्ठी भिंतीवरून ओढून काढली. "काढा माझं नाव आतून. जो बसेल त्याचं नाव. मिनलला फोन लाव."

जितेशने फोन लावला. स्पीकर चालू राहिला, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"मिनल, जरा येता का? बाबा बोलावतायत."

"कुठले बाबा? तुमच्याकडे तीन आहेत."

बाबाजींनी फोन हातात घेतला. "खरा बोलतोय," ते म्हणाले. "ये बाई."

मग ते गर्ट्रूडला म्हणाले, "गर्ट्रूडबाई, बसा तुम्ही." पंचवीस माणसांत हाक मारावी तितक्या मोठ्याने त्यांनी ते नाव घेतलं.

"नाव दिसल्याबिगर न्हाय बसणार," गर्ट्रूड म्हणाली. ती डबा हातात धरून उभी राहिली. नीलेशने स्टूल आणलं, ती बसली नाही. चहा आला, तो तिने उभ्यानेच प्यायला. हाटकेशात तेव्हा इतक्या ताठ उभ्या फक्त दोनच वस्तू होत्या, एक विजेचा खांब आणि दुसरी गर्ट्रूड.

मिनल आली. आधी तिने मला उघडलं आणि जितेशच्या ओळी एकेक करून काढून टाकल्या, पायात रुतलेला काटा काढावा तशा. मला हलकं वाटलं. मग तिने बाबाजींचं नाव आतून उतरवलं. नारळ फुटला नाही, भूकंपही झाला नाही. मग तिने तीन नवीन नावं तयार केली आणि गर्ट्रूडला म्हणाली, "आंटी, या. पासवर्ड तुमचा तुम्ही ठरवा. कोणाला सांगू नका."

"सगळ्यांनी तोंडं फिरवा," गर्ट्रूड म्हणाली. "तुम्ही पण, दाजी."

हे 'दाजी' जितेशला होतं. तेव्हापासून ती त्याला दाजीच म्हणते. मेव्हण्याचा हक्कच आहे तो.

सगळ्यांनी तोंडं फिरवली. गर्ट्रूडने उभ्यानेच वाकून एकेक अक्षर शोधून दाबलं. मग मला विचारलं, 'कोण?'

मित्रांनो, मी आयुष्यात हजारो वेळा नावं छापलीत. त्या वेळी मी छापलं:

गर्ट्रूड, पहिला स्क्रीन, आत्ता.

एकच ओळ. बाकी कोणी आत नव्हतं. गर्ट्रूडने ती वाचली. चष्मा वर करून पुन्हा वाचली. तिने डबा टेबलाखाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

जितेश मागे वळून म्हणाला, "माझं नाव का नाही आलं?"

"बसलाच नाहीत तुम्ही," मिनल म्हणाली. "बसा, मग येईल."

क्षितिजाताईंचं काम परत आलं नाही. ते परत आलं असं सांगितलं असतं, तर गोष्ट गोड झाली असती. पण जे आत नाही ते छापायची मला सवय नाही, आणि एकदा माझ्याकडून छापून घेतलं तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंत. गाळा चाललाय. मामा-मावश्यांची ताटं येतायत. कामं थोडी कमी आहेत, माणसं तेवढीच आहेत.

आता रिवाजाप्रमाणे मी तुमच्याकडे काहीतरी मागायला हवं. मला तेलपाणी नको, डागडुजी नको, दयाही नको. पण उद्या तुम्ही कुठे काम कराल, कुठे वर्ग चालवाल, कुठे मंडळ काढाल, तेव्हा खुर्चीवर जो बसलाय त्याचं नाव लिहा. मोठ्या माणसाच्या नावाखाली चार लहान माणसं लपवू नका. आणि एखादं नाव कोणाला खटकेल असं वाटलं, तर तो खटकून घेईपर्यंत तरी थांबा. त्याचं काम तुम्ही करू नका.

जितेश अजूनही मधूनच मिनलला विचारतो, "गिऱ्हाईक आलं की हे पहिलं नाव जरा खालच्या ओळीत नाही का घेता येणार?" येणार नाही. पहिला स्क्रीन तिचा आहे, पहिली ओळ तिची आहे. ज्याला ती बघवत नसेल त्याने खुशाल पडद्याकडे पाठ करून बसावं. पाठ करून बसणाऱ्याचंही नाव मी छापतो.